ताईची

तळाशीलच्या शाळेत गुरुवारी वर्ग भरतो,
मुलं सुटली की, साडेचारला.
मालवणहून एल्विना येते स्कूटीवरून
आणि फळ्यावर लिहिते: ताई ची.
आम्ही वाचलं, ताईची.
कुणीतरी विचारलं, काय ताईची?
"कसरत," ती हसून म्हणाली.
तेव्हापासून ती ताईची कसरत.

सात जण आहेत, सातही कंपवाताचे.
हे मागच्या भिंतीशी उभे राहतात,
पाढ्यांच्या तक्त्याखाली.
चाळीस वर्षं ह्यांनी तर चालवली
तळाशील ते सर्जेकोट,
डुलत्या फळीवर उभं राहून, बांबू रेटत.
आता जमीन जागच्या जागी आहे
आणि हे पडतात.

एका पडण्याला एक टिंब,
कॅलेंडरवर, पेन्सिलीने. मीच करते.
शिमग्याच्या महिन्यात नऊ झाली.
दोनदा मोरीत, एकदा तुळशीजवळ,
एकदा नुसती हाक आली म्हणून वळले तर.
चेहऱ्यावर काही उमटत नाही.
लोकांना वाटतं, लवू तारी रागावलाय.
मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघते,
राग असला तर तिथे असतो.

एल्विना सांगते, एक पाय भरा,
एक रिकामा करा.
उजवा उचलायचा नाही, त्याच्यातलं ओझं काढून घ्यायचं.
हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
मग त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाले,
"म्हंजे पाशिंजर हलवूचे."

होडी कलली की ओरडायचे,
"दोगां उजव्या अंगाक सरा!"
कुणी सरायचं नाही.
सगळे एकमेकांची अंगं बघत बसायचे.
एकदा आचऱ्याच्या बाजारातून आणलेल्या बोकडाने
तेवढं ऐकलं होतं.

मग बगळा. हात पसरून,
पुढचा पाय नुसता टेकवून.
"बगळो मासो धरूक उभो रवता," हे म्हणाले,
"मी कित्याक?"
एल्विनाने विचार केला.
"मोरीपर्यंत जायला, काका."

मग ढग. हात छातीपुढून हळू फिरवायचे.
डावा हात थरथरतच असतो,
खिशात फोन वाजत राहावा तसा.
थांबवा असं ती म्हणत नाही.
थरथर घेऊन फिरवा, म्हणते.
मी खिडकीत बसते,
बाटली आणि पाचची गोळी घेऊन.

वैशाखात पाच टिंबं. पुढल्या महिन्यात सात,
गोळ्या बदलल्या होत्या.
मग चार.
परवा भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं,
माझा डावा पाय रिकामा होता.

काल रात्री अडीचला जाग आली.
हे मोरीच्या उंबऱ्यात उभे.
होतं असं. अख्खं अंगण चालून येणारा माणूस
दार दिसलं की थिजतो,
ओहोटीच्या चिखलात पाय रुतावेत तसा.
ओढायचं नाही, एल्विनाने बजावलंय.
मी मागे जाऊन उभी राहिले, हात न लावता,
आणि तोंडातून निघालं
ते सर्जेकोटपर्यंत ऐकू गेलं असेल.
"दोगां उजव्या अंगाक सरा!"

कोयंड्यांचा कुत्रा भुंकला.
हे सरले, आधी कमरेत,
मग खांद्यात.
डावा पाय मोकळा झाला, उंबऱ्यावरून गेला.
आतून, न वळता, विचारलं,
"आणि दुसरा कोण?"

मी खाली बघितलं.
मीही सरले होते.